शिळा निरोप

"हे बघा, आबा. तीन वाजून बारा मिनिटं. मोटर चालू. फोन कुणाचा? रायगोंडा खोत." कुलदीपनं कागद टेबलावर ठेवला आणि त्या ओळीभोवती पेनानं गोल काढला. "माणूस खोटं बोलेल. यंत्र बोलत नाही."

धनवडे आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ते तमदवाडी उपसा जलसिंचन संस्थेचे चेअरमन. कृष्णेचं पाणी मोटरीनं उचलून चार गावांच्या उसाला देणारी ती संस्था, आणि त्या मोटरी फोनवरून चालू-बंद करायची सोय आमच्या कंपनीनं करून दिलेली. कंपनी म्हणजे सांगलीतली दोन खोल्यांची जागा, कुलदीप जमदाडे आणि मी. सॉफ्टवेअर लिहायचं काम माझं, विकायचं त्याचं.

दाराजवळ रायगोंडा उभा होता. बावीस वर्षं संस्थेचा पंपचालक. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तोही बसला नव्हता.

"आबा, मी वर गेलतो ते नव्या बुशाचं पाकीट आणाया. गाडीच्या डिकीत हुतं. फोन खिशात हुता. मी हात बी लावला न्हाई त्याला."

"मग मोटर काय आपोआप चालू झाली व्हय?"

"ते मला काय ठावं?"

परवा दुपारी नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे जिच्या तळाला मोटर आणि पंप बसवलेले असतात त्या खोल विहिरीत, सिद्राम गुरव नावाचा फिटर काम करत होता. मोटरीचा आणि पंपाचा दांडा जोडणारी जी कपलिंग असते, तिचे झिजलेले रबरी बुश बदलायचे म्हणून तिच्यावर त्याचा उजवा हात होता. मोटर अचानक सुरू झाली. दोन बोटं गेली. रायगोंडा त्या वेळी वर काठावर होता, फोन त्याच्या खिशात होता, आणि आमची नोंद सांगत होती की मोटर त्याच्याच फोनवरून सुरू झाली.

आबा त्याला समजावणीच्या सुरात म्हणाले, "रायगोंडा, चुकून दाबलं गेलं असंल तर सांग. चुकून म्हणालास तर मी सांभाळून घेतो. उद्या अकरा वाजता मला पोलिसात कागद द्यायचाय. एकदा गुन्हा दाखल झाला की माझ्या हातात काय राहत न्हाई."

"चुकून बी न्हाई. काल दवाखान्यात सिद्रामची बायको माझ्या तोंडावर थुकली, आबा. चुकून म्हणून सुटायचं असतं, तर तिथंच म्हणालो असतो."

माझा स्वभाव आधीच तिखट. खोटं बोलणारा माणूस समोर आला की मला राग आवरत नाही, आणि त्या क्षणापर्यंत मला रायगोंडाचाच राग येत होता. एका माणसाची बोटं गेली आणि हा बाबा कबूल करायला तयार नाही! त्याला तोंडावर गप्प करावं म्हणून मी तो कागद ओढून घेतला. तेव्हा मला कुलदीपच्या गोलाखालच्या दोन ओळी दिसल्या.

तिन्ही ओळी 'चालू'च्या होत्या. तिन्ही तीन वाजून बारा मिनिटं आणि सात सेकंदांच्या. एकाच सेकंदात तीन वेळा. एवढं जलद माणसाचं बोट चालत नाही.

"अण्णा," मी रायगोंडाला म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तुम्ही 'चालू' दाबलं होतं का कधी?"

"दाबलंतं की. अकराच्या सुमाराला. कपलिंग वाजत हुती म्हणून मोटर बंद ठेवलेली. म्हटलं, खाली उभा राहून एकदा चालू करून आवाज ऐकावा. खरं, खाली रेंज कुठली? नुसतं चक्र फिराय लागलं. मग नाद सोडला."

"किती वेळा दाबलं?"

"तीनदा."

"आणि मग वर कधी आलात?"

"आलोच न्हाई. खालनंच हाक मारून वाटंनं जाणाऱ्याकडं सिद्रामला सांगावा धाडला. खालीच भाकरी खाल्ली. दोनला सिद्राम आला, काम काढलं. बुश आणाया म्हणून वर गेलो ते तवाच, तीन वाजून गेल्यावर."

मी कागदावरच्या वेळा पुन्हा वाचल्या. कुलदीप माझ्याकडे बघत होता. त्याला सॉफ्टवेअर लिहिता येत नसलं तरी माझा चेहरा वाचता येत होता. "आबा, दोन मिनिटं," असं म्हणून त्यानं मला बाहेर आणलं.

बाहेर गाडीच्या आडोशाला उभं राहून मी त्याला जे सांगितलं, ते इथंही सांगते.

त्याच्या तीन वर्षं आधी मी एक लायब्ररी लिहिली होती. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकं नव्हेत. सॉफ्टवेअरचा तयार भाग, कुणीही घ्यावा आणि आपल्या कामात जोडावा. माझ्या लायब्ररीचं नाव 'निरोप्या'. फोन आणि दूरचं यंत्र यांच्यात जागच्या जागी बोलणं घडवून आणायचं, इकडून बोललेलं तिकडं लगेच, तिकडचं इकडं लगेच. नेटवर फुकट ठेवली होती. देशभरातली माणसं वापरत होती. तिच्या माहितीतलं पहिलंच वाक्य मी मोठ्या दिमाखात लिहिलेलं: 'एकही निरोप हरवत नाही.' कारण रेंज गेली की निरोप्या निरोप टाकून देत नसे. फोनमध्ये जपून ठेवायचा, आणि रेंज आल्या क्षणी पोचवायचा. मला त्याचा केवढा अभिमान! पहिल्यांदा लिहिली ती गप्पांच्या ॲपसाठी. 'जेवलास का' हा निरोप चार तासांनी पोचला तर कुणाचं काय बिघडतं?

तीच लायब्ररी उचलून मी पंपाला जोडली होती. अकरा वाजताचे तीन 'चालू' रायगोंडाच्या खिशात चार तास बसून राहिले. तो पायऱ्या चढून वर आला, फोनला रेंज मिळाली, आणि माझ्या निरोप्यानं इमानदारीत तिन्ही निरोप पोचवले. नोंदीत मी वेळ लिहायचे ती निरोप पोचल्याची. बटण कधी दाबलं, ते कुठंच लिहीत नव्हते.

कुलदीप ऐकून घेऊन म्हणाला, "हे आणखी कुणाला माहितीय?"

"तुला आणि मला."

"मग झालं तर."

"काय झालं?"

"पद्मा, सात योजनांवर आपलं काम चालू आहे. पुढच्या आठवड्यात अकरा योजनांवर सही आहे. तू आत जाऊन हे बोललीस की संपलो आपण. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात आपले आहेत. ओठ रायगोंडाचे आहेत."

"शब्दांचे खेळ नको करू. काय होईल त्याचं? नोकरी जाईल. जामीन होतो असल्या गुन्ह्यात. दोन-तीन वर्षांनी लोक विसरतात."

खरं सांगते, मी काही साध्वी नाही. अर्धं मिनिट मलाही वाटलं, की गप्प बसावं. आतल्या आत काहीतरी दुरुस्त करावं, कुणाला कळणार आहे? नोंद वाचता येणारी आम्ही दोघंच. पण मग दुसरंच डोक्यात आलं. उरलेल्या सहा ठिकाणीही निरोप्याच होता. आत्ता या घटकेला कुणाच्या खिशात कुठला 'चालू' दडून बसलाय, हे मलासुद्धा सांगता येत नव्हतं.

मी फोन काढला आणि एकेका योजनेच्या चालकाला लावायला लागले. "मी पद्मजा मगदूम. मोटरी बंद करा. फोनवरून नाही, वरची वीजच पाडा. ॲप फोनमधून काढून टाका. हो, आत्ताच्या आत्ता. कुणी आत काम करत असेल तर आधी त्याला बाहेर बोलवा."

दुसऱ्या फोनला कुलदीपनं माझं मनगट धरलं. "डोकं फिरलंय का तुझं?"

"हात सोड, नाहीतर कचेरीच्या दारात बोंब मारीन."

त्यानं सोडला. सहाही फोन झाले, आणि मी आत गेले.

"आबा," मी म्हणाले, "कागद उद्या द्यायचाय ना? त्याआधी अर्धा तास माझ्याबरोबर जॅकवेलला चला. रायगोंडाअण्णांचा फोन कुठाय?"

"माझ्या ड्रॉवरात. पुरावा म्हणून ठेवलाय."

"तोच घ्या. आणि तुमच्याच हातात ठेवा. मला देऊ नका, ह्यालाही देऊ नका."

जॅकवेलच्या कडेनं उतरायला बासष्ट पायऱ्या. आबांचं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण माणूस हट्टाचा. कठड्याला धरून धरून उतरले. रायगोंडा आणि कुलदीप वर थांबले. खाली ओलसर गारवा, ग्रीसचा वास. कपलिंगवरचं झाकण अजून उघडंच होतं, आणि खालच्या फरशीवर कुणीतरी माती टाकलेली होती. माती कशावर टाकलीय ते कुणी सांगायची गरज नव्हती. आबा तिकडं बघून दुसरीकडं बघायला लागले.

"आत कुणी नाही, बघून घ्या. आता 'चालू' दाबा."

"मी?"

"तुम्हीच. तीनदा."

त्यांनी बोटानं जोर देऊन तीनदा दाबलं. चक्र फिरत राहिलं. वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात 'बंद' तसंच दिसत होतं. मोटर गप्प.

"काय झालं न्हाई की."

"नाही ना? आता फोन खिशात ठेवा आणि वर चला. खिशाला हात लावायचा नाही."

आबा पुढं, मी मागं. तीस पायऱ्यांवर दम खाल्ला. आबा म्हणाले, "म्हाताऱ्याला का छळतीस गं पोरी?" पन्नास पायऱ्या झाल्या, अजून चार-पाच झाल्या, आबांचं डोकं काठाच्या वर निघालं, तोच त्यांच्या खिशात बारीक टिंग वाजलं.

खाली मोटर धडधडत सुरू झाली. बुश नसलेली कपलिंग लोखंडावर लोखंड आपटत अशी खणाणली की सगळी विहीर दणाणून गेली. आबांनी कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला. मग स्वतःचे हात वर करून आधी माझ्याकडं, मग वर उभ्या रायगोंडाकडं बघायला लागले.

"मी... मी न्हाई दाबलं," आबा म्हणाले. "फोन खिशात हाय माझ्या."

रायगोंडानं वाकून आबांना हाताला धरून वर घेतलं, त्यांच्या खिशातला फोन काढला आणि मोटर बंद केली. मग तो तिथंच काठावर मटकन बसला आणि रडला. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांत तोंड घालून. मला वाटलं होतं, खरं बाहेर काढल्यावर मला हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. माझ्यामुळे दोन दिवस हा माणूस खोटारडा ठरला होता, आणि थोड्या वेळापूर्वी कचेरीत मीही त्याला खोटारडाच समजत होते.

आबा सावरले तसे चेअरमन झाले. "एक सांग रायगोंडा. ह्यांचं डबडं फसवं असंल. खरं, माणूस आत असताना वीज का तोडली न्हाईस? पयलं तर तू तोडायचास."

रायगोंडानं डोळे पुसले. "पयलं फ्यूज हुते, आबा. फ्यूज काढायचे आणि जो आत जातोय त्याच्या कमरंला द्यायचे. तो बाहीर आल्याबिगार मोटरीचा बाप आला तरी चालू हुयाची न्हाई. ह्यांनी मोटरीला बसवलेल्या ह्या नव्या पेटीला फ्यूजच न्हाईत. हाताचं बटण हुतं, त्याला ह्यांनी कुलूप घातलं, का तर सगळी नोंद फोनवर झाली पायजे. आणि ह्या बाईंनीच शिकवलंतं आम्हाला, फोनवर लाल दिसलं की मोटर मेली समजा."

"असं म्हणालीस तू?"

"म्हणाले," मी सांगितलं. "असंच्या असं म्हणाले होते."

कुलदीप गाडीकडं चालू लागला. त्याला वाटलं मीही येईन. मी कचेरीत परत गेले, आबांसमोर बसून सगळं लिहून काढलं, बटण कधी दाबलं, निरोप कधी पोचला, चूक कुणाची, आणि खाली पूर्ण नावानं सही केली. पोलिसात गेला तो कागद माझा. पुढं त्याचं जे व्हायचं ते झालं, कोर्टाच्या पायऱ्या मी चार वर्षं चढले. तो भाग मी इथं उगाळत बसत नाही.

त्याच संध्याकाळी आबा रायगोंडाला आणि मला घेऊन दवाखान्यात गेले. सिद्राम उशाला टेकून बसला होता, हात पांढऱ्या गुंडाळीत. त्याची बायको रायगोंडाला बघून उठलीच. मी मध्ये गेले.

"बटण ह्यांनी दाबलं नव्हतं, ताई. चूक माझी आहे. मी लिहिलेल्या गोष्टीमुळं मोटर सुरू झाली."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मग आता तुमच्यावर थुकू का?"

"थुंका."

ती थुंकली नाही. खाली बसली आणि पदरात तोंड झाकलं. सिद्राम एवढंच म्हणाला, "रायगोंडा, ये. बस हितं." आणि पलंगावर सरकून त्यानं जागा केली. त्या दोघांची गाठ तिथंच पुन्हा बसली, मी बाहेर आले.

परत येताना आबांनी विचारलं, "आता ह्या डबड्याचं काय करू? नदीत टाकू?"

"टाका. तुमचा हक्क आहे. पण ते मी फुकट वाटून ठेवलंय, कुठं कुठं गेलंय मलाही माहीत नाही. सगळीकडचं नदीत टाकता येणार नाही. ते मला दुरुस्तच करावं लागेल. दहा दिवस द्या, इथंच करून दाखवते."

"मी दिऊन काय उपेग? चालवणारा तो हाय. रायगोंडा व्हय म्हणाला तर बसव. न्हाई म्हणाला तर उचलून ने."

"मला उंटावरनं शेळ्या हाकायची हौस कवाच नव्हती," गाडीच्या मागच्या सीटवरून रायगोंडा म्हणाला. "खरं, बघू. करून तर आणा."

ते दहा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आई जेवायला हाक मारायची, मी वसकन अंगावर जायचे. निरोप्या वापरणाऱ्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी लिहून टाकलं, की यंत्र चालवायला ही लायब्ररी वापरत असाल तर आत्ता थांबवा, हिच्यामुळं एका माणसाची दोन बोटं गेलीत. काहींनी आभार मानले, बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या. एकानं लिहिलं, निरोप पोचतो ही चूक कशी? त्याला मी तीन पानी उत्तर पाठवलं. 'एकही निरोप हरवत नाही' हे वाक्य खोडलं. आठव्या दिवशी कुलदीपनं आपला संगणक आणि खुर्ची नेली. खुर्ची माझी होती, पण भांडायला वेळ नव्हता.

बदल सांगायला सोपा. प्रत्येक निरोपाला आता वय होतं. दाबल्याची वेळ त्याच्याबरोबर जायची. रेंज आली की फोन आधी ते वय बघायचा; दहा सेकंदांपेक्षा शिळा झालेला 'चालू' फोनमध्येच मरायचा, आणि चुकून पुढं गेलाच तर मोटरीच्या पेटीनं नाकारायचा. 'बंद' मात्र कितीही शिळा असला तरी पोचायचा, कारण शिळ्या 'बंद'नं कुणाचा हात जात नाही. हाताच्या बटणाचं कुलूप मी काढलं. पेटीला एक किल्ली बसवून घेतली, आत जाणाऱ्यानं ती काढून खिशात घालायची, म्हणजे काही केल्या मोटर सुरू होणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच खाली उतरलो. नवे बुश बसले होते. झाकण रायगोंडानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मी किल्ली दाखवली, त्यानं ती फिरवून बघितली, आणि पुन्हा पेटीत लावून ठेवली.

"ही राहू दे लावलेली."

"अहो अण्णा, किल्ली काढण्यासाठीच आहे."

"किल्ली इसरणारा माणूस असतोयच. तो इसरला तर तुमचा निरोप्या काय करतोय ते बघायचंय मला." त्यानं माझ्यासमोर फोनवर 'चालू' तीनदा दाबलं. चक्र फिरायला लागलं. "घाला हात."

"काय?"

"सिद्रामनं घातलाता तिथं. तुमचं तुम्हाला पटलंय न्हवं? मग घाला. मी वर जातो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी बाही वर केली, वाकले आणि कपलिंगवर हात ठेवला. लोखंड गार होतं, ग्रीस बोटांना चिकटलं. मागं त्याच्या चपला वाजायला लागल्या. एक, दोन, तीन.

घरी मी ही परीक्षा चारशे वेळा घेतली होती. फोन बंद करून, चालू करून, मध्येच बॅटरी काढून. एकदाही चुकली नव्हती. वीस पायऱ्यांपर्यंत मी स्वतःला तेच सांगत होते. मग डोळ्यांपुढं एकेक ओळ यायला लागली. फोनचं घड्याळ चुकलं असेल तर? पेटीचं घड्याळ मागं असेल तर? दोन्ही तपासलंय. हो, तपासलंय. तिसरं काय राहिलं? काहीतरी राहिलं असेल. त्या वेळी नाही का वाटलं होतं, काही राहिलं नाही म्हणून? घाम कानामागून गळ्यात उतरला. तीस. पस्तीस. आई गं! सिद्रामला हे सगळं मोजायला तरी मिळालं होतं का?

हात आपोआप बाहेर आला, असं लिहिणार होते. पण आपोआप काही होत नसतं, एवढं तरी मी त्या विहिरीत शिकले. मी काढला. चाळीसाव्या पायरीला.

वर चपलांचा आवाज थांबला. तो काठावर पोचला होता. मोटर गप्प होती. मी हात छातीशी धरून उभी होते. मग तो हळूहळू उतरून आला.

"हुता का हात?"

कुणीही बघितलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर तो विषय तिथंच मिटला असता.

"नव्हता. चाळीसाव्या पायरीला काढला."

त्यानं मान हलवली. मग माझ्या बाजूनं पुढं गेला, मोठ्या पाइपाच्या मागं भिंतीत एक खोबण होती, तिथं हात घातला, आणि आपला फोन बाहेर काढला. चक्र अजून फिरत होतं.

"मोकळाच गेलतो वर," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात घालून परीक्षा घ्यायला मी काय कंपनी हाय?"

मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. तो थांबला. रडून झालं तसा म्हणाला, "चला आता. दोघं जाऊ. फोन तुम्ही धरा."

त्यानं कपलिंगवर झाकण लावलं आणि आम्ही चढलो. वर पोचताच माझ्या हातातल्या फोनवर रेंज आली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'निरोप शिळा झाला. पोचवला नाही.' खालून कसलाही आवाज आला नाही. आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो, दहा मिनिटं उभे राहिलो. नदीचा वाहता आवाज तेवढा येत होता. रायगोंडानं ती अक्षरं एकदा मनात वाचली आणि एकदा मोठ्यानं.

"बसवा," तो म्हणाला. "आता नवं दाबून बघू. दोन आठवडं झालं ऊस तहानलाय."

मी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं बोट वर नेलं आणि थांबवलं.

"आत कोण न्हाई न्हवं?"

"अण्णा, आत्ताच आपण दोघं खालून आलो. झाकण तुम्हीच लावलंत. आत कोण असणार?"

"तरी बी," रायगोंडा म्हणाला, आणि बासष्ट पायऱ्या परत उतरायला लागला. मीही फोन खिशात घालून त्याच्या मागून उतरले.